दाजींनी कॅनडाला भरलेला कर

दिनांक पाच एप्रिल दोन हजार पंचवीस, शनिवार. स्थळ दुबईतलं करामा, आमचा हॉल. हजर: मी, माझी बायको आणि माझे साडू. रक्कम: तेरा हजार सहाशे ऐंशी कॅनेडियन डॉलर, म्हणजे छत्तीस हजार अडीचशे दिरहम, म्हणजे आठ लाख सदतीस हजार रुपये. एवढी रक्कम आपण कॅनडा सरकारला देणं लागतो, असं माझ्या साडूंनी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता जाहीर केलं. सांगताना चेहऱ्यावर दुःख नव्हतं. आकडा चोख आल्याचं समाधान होतं. या अख्ख्या अमिरातींत, जिथं पगारावर एक फिल्ससुद्धा कर नाही आणि निम्मं जग त्याच एका कारणासाठी ऊन खात राहतं, तिथं आपल्या पगारावर कर कसा बसेल हे शोधून काढणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्या सासरवाडीनं माझ्या पदरात टाकलेला आहे.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. मी स्वतः एका बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर आहे. सळई, सिमेंट, विटा मोजून बिलं तपासणं हा माझा धंदा. त्यामुळे आकड्यांचं वेड मला कळतं. पण माझे आकडे मी बांधत असलेल्या इमारतीचे असतात. दाजींचे आकडे त्यांनी उभ्या आयुष्यात न पाहिलेल्या देशाचे होते. बिझनेस बे भागातल्या एका ऑफिसात बसून ते कॅनडातल्या कर आणि अंदाजपत्रकाच्या बातम्या लिहितात. कुठला कर वाढला, कुठली सवलत गेली, कुठली तारीख पुढे ढकलली, हे सगळं सोप्या इंग्रजीत रोज तिकडच्या अकाउंटंट आणि गुंतवणूक सल्लागारांना जातं. ती मंडळी सकाळी कॉफी पिताना ते वाचतात आणि आपापल्या अशिलांपुढे शहाणी होतात. लिहिणारा माणूस दुबईत डब्यातली कोबीची भाजी खात असतो हे त्यांना ठाऊक नसतं, कारण बातमीखाली नाव छापत नाहीत. पंधरा वर्षं हे चाललंय. यावर कुणी विचारलं की दाजी म्हणतात, "नाव छापलं असतं तर त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या. कर मी वाढवत नाही, पण सांगतो मीच ना."

एखादा माणूस असं काम पगारापुरतं करून घरी येईल. दाजी ते जिवाला लावून घेतात. कॅनडाच्या अर्थमंत्र्यावर ते असे चिडतात की ऐकणाऱ्याला वाटावं, या गृहस्थांचा त्याच्याशी बांधाचा वाद आहे. मध्यंतरी तिथं घरं, शेअर वगैरे विकून होणाऱ्या मोठ्या नफ्यावरचा कर वाढवायचं ठरलं. आधी अशा नफ्याचा निम्मा भाग करपात्र धरत, तो दोन तृतीयांश धरायचा. दाजींच्या मालकीचं विकण्यासारखं काय, तर शारजात सेकंडहँड घेतलेला फ्रिज. पण दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. माझ्या बायकोनं त्यांच्यासाठी मुद्दाम केलेली पुरणपोळी समोर असताना ते म्हणाले, "एखाद्यानं तीस वर्षं काडी काडी जमवून तलावाकाठी छोटंसं घर बांधायचं आणि विकताना यांनी येऊन दोन तृतीयांशाला हात घालायचा, हे माणुसकीला धरून आहे का, साडू, तुम्ही सांगा." मी काय सांगणार? माझा तलाव नाही, घर नाही, पोळी मात्र थंड होत होती. पुढे तो प्रस्ताव लांबणीवर पडला आणि शेवटी रद्दच झाला. मला वाटलं, आता पेढे मिळतील. तर दाजी आणखी भडकले. "वर्षभर मी लोकांना तयार केलं. तक्ते दिले, उदाहरणं दिली. आता म्हणतात विसरा. असा पोरखेळ असतो का?"

त्या देशाचं अंदाजपत्रक हा त्यांचा सण. ते तिथं दुपारी मांडलं जातं, तेव्हा इकडे झोपायची वेळ झालेली असते. दाजी त्या दिवशी दुपारीच झोपून घेतात, उठून आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालतात आणि ऑफिसला जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी थेट आमच्याकडे येतात. माझी बायको शिरा करते, आणि शिरा संपेपर्यंत आम्हाला कॅनडातल्या विधवांना, बोटवाल्यांना, विमानवाल्यांना आणि मधमाश्या पाळणाऱ्यांना काय मिळालं ते ऐकावं लागतं. दोन हजार पंचवीसला निवडणुकीमुळे वसंतात अंदाजपत्रक आलंच नाही, तेव्हा दाजी आमच्या घरी येऊन उगाच पंख्याकडे बघत बसले. बायकोनं न राहवून तरीही शिरा केला.

माझ्या मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी केक कापायला घेतला तो कराचे टप्पे समजावून देण्यासाठी. पहिला तुकडा करमुक्त, दुसऱ्यातून सरकारला एक घास, तिसऱ्यातून त्याहून मोठा घास, असं करत त्यांनी एका ताटलीत सरकारचा वाटा वेगळा काढला. पोरगं म्हणालं, "काका, कॅन आय जस्ट हॅव माय केक?" दाजी शांतपणे म्हणाले, "असेसमेंट झाल्यावर." सरकारचा वाटा शेवटी त्यांनीच खाल्ला.

हे सगळं मी सहन करत होतो. पण निरोपाच्या जेवणांत ते जे करत ते मला कधीच पटलं नाही. आमच्या ओळखीतलं दर वर्षी एखादं कुटुंब दुबई सोडून कॅनडाला जातं. अशा वेळी कुणाच्या तरी घरी जेवण असतं, बिर्याणी मागवलेली असते, बायका डोळे पुसत असतात. अशा घरी दाजी उभे राहून बोलत. शारजातल्या त्यांच्या शेजाऱ्यांचं असंच जेवण होतं. बायकोमुलांना तिकडे ठेवून नवरा एकटा इथं नोकरी करत राहणार, असा त्यांचा बेत होता. बरेच जण असंच करतात; कारण पगार इथला चांगला, आणि कायमचं राहायची सोय तिथली चांगली. दाजी हातात ताट घेऊन म्हणाले, "एक लक्षात ठेवा. बायको तिकडे, मुलं तिकडे, घर तिकडे म्हटल्यावर तुम्हीही तिकडचेच. इथं मिळालेल्या पगारावर तिथं कर लागणार. जगात कुठंही कमवा, त्यांना सांगावं लागतं." शेजाऱ्यांनी कोशिंबिरीचा चमचा खाली ठेवला. यजमानीणबाई म्हणाल्या, "दाजी, आइस्क्रीम घ्या ना." घरी येताना बायको गाडीत म्हणाली, "खरं असेल हो ते. पण बिर्याणी गिळेपर्यंत तरी थांबायचं."

त्यानंतर आमंत्रणं कमी झाली. त्याचा राग आला तो आमच्या ताईंना, म्हणजे दाजींच्या बायकोला. ताई शारजातल्या एका फार्मसीत होत्या. बाई कामाची आणि तोंडानं स्पष्ट. त्यांचं म्हणणं असं, की इथं व्हिसा नोकरीला बांधलेला; नोकरी गेली की चंबूगबाळं आवरायचं. साठीनंतर बसायचं कुठं? त्यांनी दाजींना न विचारता कॅनडाचा अर्ज भरला आणि मंजुरी आल्यावर सांगितलं. दाजी हादरले. ताई म्हणाल्या, "इतकी वर्षं रोज उठून त्या देशाशी भांडताय. एकदा समोर जाऊन भांडा."

दोन हजार तेवीसच्या नाताळात दाजी, ताई आणि त्यांची मुलगी टोरंटोजवळच्या एका गावात उतरले. दाजी रजा घेऊन गेले होते. नोकरी मिळाली की तिथंच राहायचं ठरलं होतं. नोकरी कसली, तर त्यांच्याच विषयातली. एका कर सल्लागार कंपनीत मुलाखतीला बोलावलं. टेबलावर त्या दिवशीची कर बातम्यांची प्रिंट पडलेली, समासात पेननं खुणा केलेल्या. वरची बातमी दाजींनीच दुबई सोडण्याआधी लिहून ठेवलेली होती. मुलाखत घेणारा गोरा गृहस्थ भला होता. त्यानं त्यातलंच एक वाक्य वाचून दाखवलं आणि त्यावर प्रश्न विचारला. दाजींनी उत्तर दिलं. गृहस्थ खूश झाला. मग म्हणाला, तुमचं ज्ञान उत्तम आहे, पण तुम्हाला कॅनडातल्या कामाचा अनुभव नाही.

दाजी हे सांगतात तेव्हा चिडत नाहीत, पण मी चिडतो. अजूनही चिडतो. ज्यानं लिहिलेलं वाचून तुम्ही प्रश्न काढता, त्यालाच अनुभव नाही म्हणून घरी पाठवता? मी दाजींना विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही, की हे वाक्य माझं आहे?" ते म्हणाले, "त्यात एक आकडा त्याला चुकीचा वाटत होता. तो बरोबर होता हे समजावण्यातच वेळ गेला."

आणखी दोन ठिकाणी तसंच झालं. रजा संपली. दाजी एकटे परत आले. शारजाचा दोन बेडरूमचा फ्लॅट सोडला, दुबईच्या कडेच्या इंटरनॅशनल सिटीत एक खोली घेतली आणि पुन्हा कॅनडाच्या बातम्या लिहू लागले. तिकडे ताईंना एका फार्मसीत मदतनीसाची नोकरी लागली, मुलगी शाळेत जाऊ लागली. म्हणजे दाजी निरोपाच्या जेवणांत ज्या माणसाबद्दल बोलत असत, नेमके तेच झाले. सोळा हजार दिरहम पगार इथं, आणि बायको, मुलगी, घर तिथं.

कर लागणार हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्यांनी वर्षभर पैसे बाजूला ठेवले होते. पण जानेवारीत ताईंना तिथं जुनी मोटार घ्यावी लागली, कारण पहाटेच्या पाळीला उणे वीस तापमानात बसची वाट बघून त्यांच्या पायाची बोटं सुजली. कराचे पैसे मोटारीत गेले. उरले ते दुसऱ्या खात्यातले. त्यात चाळीस हजार दिरहम होते, आणि ते उन्हाळ्यासाठी होते. जुलैत सहा आठवड्यांची बिनपगारी रजा घेऊन दाजी तिकडे जाणार होते. बुडणारा पगार, तिकीट, थोडी खरेदी, असा तो हिशेब होता. सव्वा वर्ष नवराबायकोची भेट नव्हती.

आता वाचकांना पाच एप्रिलच्या पोह्यांचं महत्त्व कळेल. छत्तीस हजार अडीचशे गेले, की जुलै गेला.

मी म्हटलं, "दाजी, पगार कुठे मिळतो?"

"इथं."

"उन्हात बससाठी कोण उभं राहतं?"

"मी."

"त्यांनी तुम्हाला नोकरी दिली?"

"नाही दिली."

"मग त्यांचा काय संबंध?"

"बायको कुठं आहे?" दाजींनी उलट विचारलं.

"तिकडे."

"मुलगी?"

"तिकडे."

"मग मी कुठला?"

"तुम्ही माझ्यासमोर बसून पोहे खाताय."

"ते शरीरानं," दाजी म्हणाले आणि खोबरं मागितलं.

माझं डोकं फिरलं. नियम नियम म्हणून काय, त्याला काही बाजू असेल, एखादी सवलत असेल, जी या माणसाला रागाच्या भरात दिसत नसेल. आमच्याच गल्लीत एका ट्रॅव्हल एजन्सीच्या वर एक सल्लागार बसतो. कॅनडाला जाणाऱ्यांची, गेलेल्यांची आणि अर्धवट गेलेल्यांची कागदपत्रं करून देतो. दिल्लीकडचा, सुटाबुटातला, हसरा. अर्ध्या तासाचे पाचशे दिरहम आणि त्यावर पाच टक्के व्हॅट. पैसे मी देईन म्हटल्यावर दाजी यायला तयार झाले. तेही, बहुधा, त्याच्या चुका काढायला मिळतील म्हणून.

पुढच्या शुक्रवारी दुपारी आम्ही गेलो. सल्लागारानं चहा मागवला आणि विचारायला सुरुवात केली. "सर, वाइफ वहाँ हैं?"

"हाँ."

"बच्ची भी? घर, गाड़ी?"

"घर भाडे का. गाड़ी जनवरी में ली. बँक खाता है, हेल्थ कार्ड है. रूल मुझे मालूम है, आप टाइम मत गँवाइए." हे मी पैसे मोजून गाठलेल्या माणसाला.

"रूल तो सबको मालूम है सर. रास्ता मालूम होना चाहिए," सल्लागार म्हणाला. "अच्छा, भाभीजी से आख़िरी बार कब मिले?"

"सव्वा साल हुआ."

सल्लागाराचा चेहरा उजळला. "तो फिर आप अलग ही रह रहे हैं ना सर. सेपरेटेड लिख देते हैं. घर उनका, गाड़ी उनकी, बच्ची उनके पास. आपका वहाँ क्या बचा? कुछ नहीं. आप इधर के आदमी, टैक्स ज़ीरो. ऊपर से भाभीजी अकेली दिखेंगी तो बच्ची का भत्ता भी बढ़ेगा. एक काग़ज़ पे दोनों की साइन, खलास."

दाजींनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "और जो पैसा बचेगा, उसका मैं क्या करूँगा, मालूम है?"

"क्या करेंगे सर?"

"टिकट निकालूँगा. उसी को मिलने जाऊँगा."

"तो जाइए ना," सल्लागार मनापासून म्हणाला. "किसने रोका है, हबीबी."

दाजी उठले. मी पाचशे पंचवीस दिरहम दिले, म्हणजे बारा हजार रुपये, आणि आम्ही जिना उतरलो. मला खोटं लिहिणं आवडत नाही. साइटवर कुणी एक पोतं सिमेंट जास्त दाखवलं तर मी बिल परत पाठवतो. पण त्या जिन्यावर मला सल्लागाराचा आला त्याहून जास्त संताप त्या व्यवस्थेचा आला. खोटं बोलणं पाचशे पंचवीसला मिळत होतं आणि खरं बोलायला छत्तीस हजार मोजावे लागत होते. बरं, ते मोजायचे कुणाला, तर तुम्ही आमच्या कामाचे नाही असं तोंडावर सांगणाऱ्यांना. मी हे सगळं बडबडत होतो. या वेळी कॅनडावर मी चिडलो होतो आणि दाजी गप्प होते.

चारच्या सुमारास आमच्या घरून ताईंना फोन लावला. तिकडे सकाळ होती. ताई डबा भरत होत्या. फोन टेबलावर ठेवून मीच सगळं सांगितलं, कारण दाजी सांगेनात. मला वाटलं, ताई त्या सल्लागाराची खरडपट्टी काढतील.

ताई म्हणाल्या, "मग करा की. कागद पाठवा, मी सही करते."

माझी बायको म्हणाली, "अगं ताई, काय बोलतेस?"

"काय बोलते म्हणजे? कागदावरच ना? कागदानं काय होतंय? इथं मला कोण विचारायला येणार आहे? शेजारणीला माझं नाव धड घेता येत नाही. अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय," दाजी म्हणाले.

"मग सही करा आणि उन्हाळ्यात या. पोरगी आता मराठीत उत्तर देत नाही. माझ्याशी भांडते तेही इंग्लिशमधून, आणि मला भांडण पुरतं कळतही नाही. मला तुमचा कर नको, तुम्ही या."

पलीकडून भाचीचा आवाज आला, "आई, आय कॅन हिअर यू, यू नो." ताईंनी तिला शाळेची बॅग घ्यायला सांगितलं.

दाजींनी फोन स्वतःकडे ओढला. "हे बघ," ते म्हणाले, "त्यांच्या नियमांत एक वाक्य आहे. नवराबायको कामासाठी लांब राहत असतील तर ते वेगळे झाले असं होत नाही. पंधरा वर्षांत त्या सरकारचं मी एवढं वाचलं, त्यातलं मला पूर्ण पटलेलं हे एकच वाक्य आहे. दुसरं नाही. आता तेच मी खोटं करू?"

"वाक्य जपा तुम्ही," ताई म्हणाल्या. "मी कामाला जाते." आणि फोन बंद झाला.

मी चिडलोच होतो. दाजींना सोडायला इंटरनॅशनल सिटीपर्यंत गाडी नेली आणि वाटभर त्यांना सुनावलं. बायको स्वतः सही करते म्हणते, तुम्ही कोण एवढे धर्मराज लागून गेलात? कुणाचं नुकसान होतंय? तुम्ही रोज ज्यांना नावं ठेवता त्यांचं? दाजी खिडकीबाहेर बघत होते. ड्रॅगन मार्टच्या सिग्नलला म्हणाले, "साडू, तिला राग आला ते बरोबर आहे. तिनं यायला सांगितलं, मी वाक्य सांगितलं."

तीस एप्रिल ही तिथली शेवटची तारीख. दाजींनी त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळी रक्कम भरली. वैवाहिक स्थिती, विवाहित. देणं, तेरा हजार सहाशे ऐंशी डॉलर. संध्याकाळी आमच्याकडे आले आणि म्हणाले, "लग्नात आमच्या सासऱ्यांनी हॉलसकट सगळा खर्च केला तोही याच्या पावपट नव्हता. लग्न झालेलं असणं आता महाग पडायला लागलंय." बायकोनं त्यांना वरणभात वाढला. जुलै आला आणि गेला. दाजींनी रजा घेतली नाही. एक-दोनदा कॅनडात सर्वांत खालच्या टप्प्याचा दर एका टक्क्यानं कमी झाल्याचं सांगायला फोन केला. एक टक्का, साडू. भीक घालतात. मी हूं म्हटलं.

ताई पंधरा दिवस दाजींशी कामापुरतं बोलत होत्या, हे मला बायकोकडून कळलं. मग हळूहळू जास्त बोलायला लागल्या. मग ऑगस्टमधल्या एका शनिवारी दाजींचा फोन आला. म्हणाले, "गाडी आहे का? विमानतळावर जायचंय." मी विचारलं, कोण येतंय. ते म्हणाले, "ही येतेय." तेव्हाच मला कळलं. त्यांनाही आदल्या दिवशी कळलं होतं.

दुबईतला ऑगस्ट म्हणजे माणसानं बाहेर पडू नये असा. त्यात ताई सोळा दिवसांची सुट्टी घेऊन आल्या. मुलगी उन्हाळी कामावर होती, मैत्रिणीकडे राहिली. ताई विमानतळावर दाजींना म्हणाल्या, "बारीक झालात," आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचं लक्ष नाही." पुढचे सोळा दिवस त्यांनी ती एक खोली घासून काढली. फ्रिजला नावं ठेवली, गादी बदलायला लावली, दाजींचे तीन शर्ट फेकून दिले. दोन शुक्रवारी आमच्याकडे जेवायला आले. दोन्ही वेळा ताईच बोलत होत्या. तिकडची थंडी, फार्मसीतल्या बायका, लेकीचे मित्र. दाजी ऐकत होते. सोळा दिवसांत त्यांनी एकदाही अर्थमंत्र्याचा उल्लेख केला नाही. मला त्याची इतकी सवय नव्हती, की दुसऱ्या शुक्रवारी मीच विचारलं, "काय म्हणतंय अंदाजपत्रक?" ताईंनी माझ्याकडे असं बघितलं, की मी आमटी ओरपायला लागलो.

परत जायच्या दिवशी विमानतळावर दोघं बॅगेच्या वजनावरून भांडले. ताई आत गेल्या. काचेपलीकडे त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत दाजी उभे राहिले, आणि नंतरही थोडा वेळ. गाडीत बसल्यावर पट्टा लावायचं विसरले. मी आठवण केली.

"पुढच्या वर्षी मी जाईन," ते म्हणाले. "नोकरी मिळो न मिळो. ती म्हणते, आधी या, मग बघू."

"इन्शाल्ला," मी म्हटलं.

काही वेळानं म्हणाले, "साडू, तिचं तिकीट किती पडलं माहितीये? एक हजार नऊशे चाळीस डॉलर. पाच हजारांच्या वर दिरहम, सव्वा लाख रुपये. सगळे तिनं भरले, विमान कंपनीला, स्वतःच्या पगारातून. कर कापून हातात आलेल्या." मग खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आणि हे वजावटीत कुठंही बसत नाही. मी बघितलं."